तारीख आणि माप

आडवी हो. जेल जरा गार लागेल.
बाहेर रुवीत पंचेचाळीस अंश,
आत एसीनं माझी बोटं आखडलेली.
नाव वाचते : नफिसा मुकादम.
तू माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचतेस
आणि खांदे सैल सोडतेस.
म्हसळ्याची. आता हमरियात, चौथ्या मजल्यावर.
नवरा सोहारच्या बंदरात, गुरुवारी रात्री येतो.

तारखेप्रमाणे बत्तीस आठवडे.
मी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत
ठिपक्यांची रेघ ओढते.
डोकं बत्तीस.
मांडीचं हाड तीस.
पोट... थांब, कुशीवर वळ जरा,
पुन्हा मोजते,
पोट अठ्ठावीस.

एकाच बाळाला तीन वयं.

उपाशी घरात जसं
शिकणाऱ्या पोराचं ताट आधी वाढतात
आणि बाकीचे पाणी पिऊन निजतात,
तसं नाळेतून येणारं थोडकं रक्त
आधी डोक्याकडे जातं.
पोटाला सांगतात, थांब.
हे कुणी शिकवलं त्याला, एवढ्याशाला?

फॉर्मवर धूम्रपानापुढे तू ‘नाही’ लिहिलंयस,
टपोऱ्या, शाळेतल्या अक्षरात.
घरात कुणी?
नाही.
शीशा?
तू हसतेस. ‘ता फळांचा असता ना, ताई.
द्राक्ष नि पुदिना. तो आला की किनाऱ्यावर बसतो आम्ही.
नाहीतर समोरची शमसा बोलावते.
एकटीनं किती भिंती बघायच्या?’

हा प्रश्न फॉर्मवर नाही.

मला बोलायचं असतं
द्राक्षाच्या वासाखाली जळणाऱ्या कोळशाबद्दल,
आणि त्या वायूबद्दल, जो रक्तात
प्राणवायूच्या जागेवर आधीच
रुमाल टाकून ठेवतो, एसटीत टाकतात तसा,
आणि खरा प्रवासी उभा राहतो दारात.
डॉक्टर बलुशी सांगतीलच सगळं,
नीट, आकडे देऊन.

पण माझ्या नाकात आलाय
तव्यावर करपणाऱ्या तंबाखूचा वास,
कराडजवळचं आमचं मागचं दार,
सात महिन्यांची आई, उकिडवी,
मिश्री भाजते आहे.
पोटात मी.
काकी म्हणायची, लाव गं,
पोर लहान राहतं, सुटका सोपी होते.
खोटं नव्हती बोलत.
सोपी झाली सुटका.
साडेतीन पौंड, कापसात गुंडाळून
कंदिलाशेजारी.

आईला तेव्हा कुणी सांगितलं नाही.
पुढे मी सांगितलं, हा कोर्स शिकून आल्यावर,
ताठ मानेनं, पुस्तकातल्या शब्दांत.
तिनं डबी चुलीत टाकली
आणि चार दिवस माझ्याकडे बघितलं नाही.

तर, नफिसा, स्क्रीन तुझ्याकडे वळवते.
हे पोट. बघ, इथे भरायला जागा आहे.
आठ आठवडे आहेत अजून.
फळांचा नसतो तो. तंबाखूचा असतो, कोळशाचा असतो.
एवढंच बोलते, हळू.
तुझी मूठ चादरीवर आवळते.
पडद्यावरही एक मूठ
तोंडाशी जाते, परत येते.
तू विचारतेस, याला वास येत असेल?

मला माहीत नाही. मी मोजणारी बाई आहे.

फोटो छापते.
गाडीत काचेपाशी ठेवू नकोस म्हणते,
हा कागद उन्हानं काळा पडतो,
इथल्या उन्हात तर बघता बघता.
तू तो ओढणीच्या आत धरतेस
आणि उठत नाहीस लगेच.
मी पुसायला टिश्यू देते, दोन जास्तच,
आणि पुढचं नाव पुकारायला
जरा उशीर करते.